उचलायचं नाही

आमच्याकडं माणसाच्या अंगावरनं वारं जातं. दवाखान्यात त्याला पक्षाघात म्हणतात, पुण्याकडं स्ट्रोक म्हणतात, पण गावात सगळे वारंच म्हणतात. आणि वारं गेलं म्हटलं की पुढचं सगळं ठरलेलं असतं. बाज, बाजेखाली भांडं, उशाशी बिस्किटांचे पुडे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याचं "लय वाईट झालं". माझ्या नवऱ्याच्या बाबतीत गावानं हे पहिल्याच आठवड्यात ठरवून टाकलं होतं. मला कुणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर एवढा राग आला नसता कदाचित. खोटं कशाला बोलू, तरीही आला असता.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. सगळी नोकरी पहिली-दुसरीला शिकवण्यात गेली, त्यामुळं एकच गोष्ट चाळीसदा सांगायची सवय आहे आणि एक्केचाळिसाव्यांदा आवाज चढवायचीही. माहेर वडूजकडचं, कोरडवाहू. सासर विट्याच्या पुढं, उसातलं. नवरा पैलवान. म्हणजे कुस्त्या सुटून पंचवीस वर्षं झाली होती, शेती करत होते, पण गाव त्यांना पैलवानच म्हणायचं आणि पहाटे तालमीत जाऊन डाव शिकवायचं काही सुटलं नव्हतं. लग्नानंतर पहिल्या उन्हाळ्यात अंगणात सतरंज्या टाकल्या तेव्हा मी बघितलं, हा माणूस जमिनीवर उताणा झोपतच नाही. एका कुशीवरनं दुसऱ्या कुशीवर. मी विचारलं, तर म्हणाले, "पाठ लावायची न्हाई जमिनीला. सवय लागती." मला हसू आलं होतं.

मार्चचे दिवस, शाळेत परीक्षांची गडबड. सकाळी हे पाण्याची मोटार चालू करायला रानात गेले आणि परत आले तेव्हा उजव्या पायात चप्पल नव्हती. मी म्हटलं, "अहो, एक चप्पल कुठं ठेवून आलात?" त्यांनी खाली बघितलं. चप्पल कधी निसटली, ढेकळातनं आपण अनवाणी कसे आलो, त्यांना काही पत्ताच नव्हता. मी चहा दिला. तो ओठाच्या उजव्या कोपऱ्यातनं सदऱ्यावर गळायला लागला. मी विचारलं, काय होतंय? ते बोलले, पण जे बोलले ते शब्दच नव्हते.

दहा मिनिटांत दारात माणसं जमली. "वारं गेलंय, बाई. दवाखान्यात कशाला नेताय? सीमेपल्याड एका गावात नाकात औषध घालत्यात, तिसऱ्या दिवशी माणूस चालाय लागतोय." दुसरा म्हणाला, "व्हय, आमच्या मेव्हण्याला..." मी म्हटलं, मेव्हण्याचं नंतर सांगा, आधी गाडी कुणाची आहे ते सांगा. ह्यांचा तालमीतला जोडीदार होता, दोघं लहानपणापासनं एकाच आखाड्यात लढलेले, त्याच्याकडं जीप होती. तोही चाचरत म्हणाला, "वहिनी, एकदा त्या औषधाचं बघूया का?" मी जीपमध्ये त्याच्या शेजारी जाऊन बसले. म्हटलं, "सांगलीला घ्या. दुसरीकडं वळवलीत तर मी चालत्या गाडीतनं उडी टाकीन." त्यानं वळवली नाही. डॉक्टर म्हणाले, लवकर आणलंत म्हणून जीव राहिला. उजवी बाजू मात्र गेली होती आणि वाचाही.

वाचा गेली म्हणजे अगदीच गेली नाही. एक शब्द राहिला. आयला. मी उभ्या संसारात ह्या घरात शिवी चालू दिली नव्हती. तालमीतनं आलेला माणूस उंबऱ्याबाहेर तोंड पुसून आत यायचा. आणि आता पाणी हवं का विचारलं की आयला. दुखतंय का? आयला. मुलगा आलाय पुण्याहनं, बघा तरी. आयला. डॉक्टर म्हणाले, असं होतं, बाकीची भाषा जाते आणि सवयीच्या शिव्या राहतात. मी ह्यांना म्हटलं, "बघा, मी म्हणत होते ना, सवय वाईट!" हे अर्ध्या तोंडानं हसले. मग मी वऱ्हांड्यात जाऊन पोटभर रडले. तोवर रडायला सवडच झाली नव्हती.

आमचा एकुलता एक मुलगा पुण्याला नोकरीला. चौथ्या मजल्यावर घर. दवाखान्यातनं घरी आणलं त्या दिवशी तो बाजेशी बसून म्हणाला, "आई, तुझी नोकरी अजून दोन वर्षं आहे. तू शाळेत गेलीस की आबांना कोण बघणार? दसऱ्याला मी येतो आणि घेऊनच जातो. चोवीस तास माणूस ठेवू. लिफ्ट आहे."

"लिफ्टनं वर जातील," मी म्हटलं. "खाली कशासाठी येतील?"

चांगला मुलगा आहे तो, बापासारखाच हट्टी. म्हणाला, "तोवर त्यांचं त्यांना उठून संडासला जाता आलं, तर राहू देत इथं. पण बाजेवरच राहिले तर मी ऐकणार नाही, आई. तूही झिजशील." तो चुकीचं काही बोलत नव्हता, आणि माझा संताप त्याचाच होता. आणि हे बाजेवर पडून सगळं ऐकत होते. बोलता येत नाही म्हणजे ऐकू येत नाही असं लोकांना का वाटतं कुणास ठाऊक. त्यांनी भिंतीकडं तोंड फिरवलं. ज्या माणसानं कुस्त्या सुटल्यापासनं आपल्या रानापलीकडं मुक्काम केला नाही, त्याला चौथ्या मजल्यावर नेऊन ठेवायचं. मी मनात म्हटलं, बघतेच.

आता तालमीचं सांगते. गावात माझ्या नवऱ्याच्या हाताखाली तयार झालेले गडी पंचवीस-तीस तरी असतील. कुणी कारखान्यात, कुणी मिलिटरीतनं रिटायर होऊन आलेला, कुणी ऊस बघणारा. एकेकाचा दंड माझ्या मांडीएवढा. ही सगळी माणसं वस्तादांची सेवा करायला आली. आणि सेवा कशी? सकाळी चौघं यायचे, ह्यांना अलगद उचलायचे आणि अंगणाच्या कडेच्या संडासात नेऊन बसवायचे. तिथनं उचलून न्हाणीत. न्हाणीतनं उचलून बाजेवर. कुस्ती मारल्यावर ह्याच माणसांनी त्यांना खांद्यावर घेऊन नाचवलं होतं, तसंच आताही नेत होते. पाय जमिनीला लागू द्यायचे नाहीत. "वस्ताद, तुमी निवांत ऱ्हावा. आमी हाय की!" वाटीतली आमटीसुद्धा चमच्यानं भरवायचे. मला शाळेत जाता येत होतं, घर चालत होतं, मी त्यांचे आभार मानत होते. एवढी शिकलेली बाई मी, मलाही कळलं नाही आम्ही काय करतोय ते.

आणि मालिश. रोज दुपारी जोडीदार तिळाचं तेल घेऊन यायचा. ह्यांच्या उजव्या हातात जीवच नव्हता, नुसता लोंबायचा. जोडीदार तो हात खांद्यापासनं धरायचा, ओढायचा, फिरवायचा, वर न्यायचा. "शीर मोकळी झाली पायजे, वहिनी. आखडलीय." तालमीत खांदा अवघडला की असंच करतात, जन्मभर त्यानं तेच केलं होतं. हे डोळे मिटून पडून असायचे. कपाळावर घाम. तोंडातनं आवाज नाही. मला वाटायचं, बरं वाटत असेल.

पंधरा दिवसांनी सांगलीहनं फिजिओथेरपीवाली आली. आठवड्यातनं एकदा घरी यायची तिनं कबूल केलं होतं. सांगलीजवळच्या जैन शेतकऱ्याची मुलगी, माझ्या मुलापेक्षाही लहान. दिवस मावळायच्या आत जेवायचं म्हणून दुपारीच यायची आणि वेळेवर निघायची. तिनं ह्यांचा खांदा चाचपला आणि तिचा चेहराच बदलला. "ह्यांचा हात कुणी ओढला?"

जोडीदार मोठ्या अभिमानानं म्हणाला, "मी. रोज."

तिनं मला जवळ बोलावून खांद्यावर बोट ठेवायला लावलं. तिथं खड्डा होता. लुळ्या हाताला धरून ठेवायला स्नायूच नसतात, तो नुसत्या कातडीवर लटकल्यासारखा असतो, ओढला की सांध्यातनं निसटतो, असं तिनं समजावून सांगितलं. "बाई, ह्यांना भयंकर दुखत असणार. ओरडले नाहीत का?"

जोडीदार मटकन खाली बसला. "मालिश चालू असताना पैलवान आवाज काढत न्हाई," तो म्हणाला. "तालमीची रीत हाय ती. ल्हानपनी आमचं वस्ताद आमाला फटका मारायचं, तोंडातनं हूं जरी निघालं तर."

मी ह्यांच्याकडं बघितलं. त्यांच्या डाव्या डोळ्यातनं पाणी येत होतं आणि तरी दातावर दात. पंधरा दिवस! सगळ्या शिव्यांतली एक शिवी शिल्लक होती, तीही ह्या माणसानं मालिशीच्या वेळी वापरली नव्हती. मला असा काही संताप आला की मी तेलाची बाटली उचलून अंगणात भिरकावली. जोडीदाराला म्हटलं, "उठा, जा घरी. आणि तालमीत सांगा, उद्यापासनं ह्यांना कुणी हात लावायचा नाही. कुणी उचलायचं नाही, कुणी भरवायचं नाही, पायसुद्धा चेपायचे नाहीत." तो खाली मान घालून गेला. ह्यांच्यावरही मी ओरडले. आजाऱ्यावर ओरडू नये म्हणतात. मी ओरडले.

त्या पोरीनं जे सांगितलं ते सोपं होतं, म्हणूनच अवघड होतं. माणूस जे स्वतः करायला धडपडतो, ते त्याचा मेंदू पुन्हा शिकतो. दुसऱ्यानं करून दिलं की शिकायचं थांबतो. म्हणजे आमचे चौघं गडी रोज त्यांना उचलत होते, तो रोजचा एक धडा बुडत होता. हे मला कुणी फळ्यावर लिहून द्यायला नको होतं. जी आई पोराचा गृहपाठ स्वतः लिहून देते तिला मी शाळेत कसं झापते ते साऱ्या गावाला माहीत आहे.

बाजेला धरून उभं कसं राहायचं ते तिनं शिकवलं आणि दुसऱ्या दिवसापासनं मी तांब्या बाजेपासनं चार पावलांवर ठेवला. ताट डाव्या हाताशी ठेवलं आणि मी समोर बसून माझं जेवले. भाताची शितं गळ्यात, मांडीवर, बाजेवर. बघायला आलेली एक शेजारीण म्हणाली, "आवं बाई, पानी तरी हातात द्या माणसाच्या." मी म्हटलं, "नाही देणार." ती बाहेर जाऊन काय बोलली ते संध्याकाळपर्यंत माझ्यापर्यंत आलं. बाईला माया न्हाई. पगाराची गुर्मी हाय. नवरा पडला तर सूड घेतीया. मी ऐकून घेतलं. वरनं आणखी एक केलं, "लय वाईट झालं" म्हणायला येणाऱ्यांना दारातच सांगायला लागले, की वाईट व्हायचं ते होऊन गेलं, आता दुसरं काही बोलायचं असेल तर आत या. निम्मी माणसं यायची बंद झाली. बिस्किटं कमी झाली, बरं झालं.

पण शाळेच्या वेळेत त्यांच्याजवळ कुणीतरी लागणारच होतं. जोडीदार चार दिवस देवळाच्या कट्ट्यावर बसून होता, जेवतही नव्हता म्हणे. पाचव्या दिवशी मी त्याच्या घरी गेले. म्हटलं, "भावजी, चूक झाली ती दोघांचीही. मलाही दिसलं नव्हतं. उद्यापासनं या, पण काम उलटं आहे. काही करायचं नाही. नुसतं जवळ उभं राहायचं."

"काई करायचं न्हाई?" त्याला ते समजेचना.

"पडायला लागले तर कंबरेला धरायचं. हात ओढायचा नाही. बाकी काही नाही."

आला तो. आणि त्याचे हात आपोआप पुढं यायचे. ह्यांचा पाय लटपटला की त्याचे दोन्ही पंजे हवेत. शेवटी त्यानं स्वतःच टॉवेलनं आपले हात पाठीमागं बांधून घेतले, सोडता येतील अशी सैल गाठ मारून. म्हणाला, "वहिनी, ह्याच्यापेक्षा एका दिवसात दोन कुस्त्या सोप्या." आणि ह्यांना त्याच्याकडं बघून एवढं हसू आलं की बाजेला धरून उभा राहिलेला हा माणूस हलायला लागला. वारं गेल्यापासनं तेव्हा पहिल्यांदा मी त्यांना मोकळं हसताना बघितलं.

सगळं सरळ होत गेलं असं मात्र नाही. आषाढातली एक सकाळ मला विसरता येत नाही. काठी घेऊन हे संडासाकडं निघाले होते, मी दोन पावलं मागं. अंगण निम्मं झालं आणि पाय अडकला. पुढं पडेना, मागं घेता येईना. त्यांनी माझ्याकडं बघितलं. त्या बघण्याचा अर्थ मला कळला होता, घाई झाली होती त्यांना. मी म्हटलं, "डावा टेका, उजवा कंबरेतनं उचला. चला." परत बघितलं. मी म्हटलं, "चला." आणि धोतर ओलं झालं. अंगणाच्या मधोमध, दिवसाउजेडी, कुंपणापलीकडनं दोन बायका बघत असताना. हे उभ्याउभ्या रडले. आवाज करून रडले. मी धोतर बदललं, पाय धुतले, अंगणात पाणी ओतलं आणि त्या दिवशी शाळेत रजा टाकली. दिवसभर मी स्वतःला विचारत होते, की बाई गं, हे त्यांच्यासाठी चाललंय की तुझ्या हट्टासाठी? उत्तर मिळालं नाही. अजूनही पुरतं मिळालेलं नाही. संध्याकाळी मी मुलाला फोन लावायला घेतला, ये आणि घेऊन जा म्हणून सांगायला. तर बाजेवरनं "आयला, आयला" असा धडाका सुरू झाला. बाजेवर डावा हात आपटत होते. मी फोन ठेवला आणि काठी त्यांच्या हातात दिली. त्या संध्याकाळी ते संडासापर्यंत गेले आणि परत आले, काही गरज नसताना.

एका गोष्टीला मात्र हा माणूस बधला नाही. फिजिओवाली म्हणायची, चालायला लागलात म्हणजे कधीतरी पडणार. तेव्हा पडल्यावर उठायचं कसं ते आताच शिका. अंगणात सतरंजी टाका, उताणे झोपा, मी दाखवते. झालं! पैलवानाला जमिनीवर उताणं झोपायला सांगितलं. बाजेवर त्यांनी तिचे सगळे व्यायाम केले होते, उजवा हात डाव्यानं छातीवर घ्यायचा, गुडघा वाकवायचा, डाव्या कुशीवर वळायचं, सगळं. बाज चालते, जमीन नाही. ती दर आठवड्याला सतरंजी टाकायची आणि हे काठी आडवी धरून उभे. जोडीदाराची तर त्यांना फूस. "पोरी, चाळीस वर्षात ह्या गड्याची पाठ कुणी लावली न्हाई, आन् तू फुकटात लावाय सांगतीस व्हय?" मी रागावले, समजावलं, शाळेतली सगळी हत्यारं वापरली. नाही म्हणजे नाही. ती म्हणाली, "बाई, ह्यांनी हे शिकलं नाही तर मी ह्यांना एकटं चालायला सोडा असं लिहून देणार नाही." दसरा आला तरी ते राहूनच गेलं.

दसऱ्याच्या दिवशी सकाळी मुलाचा फोन आला, शिरवळला चहाला थांबलोय. मी म्हटलं, ये, बघ तुझा बाप कसा चालतो ते. जरा मिरवलेच मी. ह्यांची दाढी केली, धुतलेलं धोतर, पांढरा सदरा. दुपारी अंगणात माणसं होती, सोनं द्यायला आलेली तालमीची मंडळी आपट्याची पानं हातात घेऊन उभी. तेवढ्यात हे संडासाकडं निघाले. काठी टेकत, उजवा पाय जरा फरफटत, पण एकटे. जाऊन आले. परत येताना अंगणाच्या मधोमध होते आणि फाटकाशी गाडीचा हॉर्न वाजला. त्यांनी मान वळवली. मानेबरोबर अंग वळलं, पाय वळला नाही. काठी निसटली आणि माझा नवरा सगळ्या तालमीसमोर, पोटच्या पोरासमोर, मातीत उताणा पडला.

सगळे एकदम धावले. मी त्यांच्याआधी पोचले, डोकं बघितलं, कंबर बघितली, विचारलं, "कुठं मोडल्यासारखं वाटतंय?" त्यांनी मान हलवली, नाही. डोळे उघडे, वर आभाळाकडं. दुखण्याचा चेहरा मला ओळखीचा झाला होता. हा तो नव्हता. ही लाज होती. मी उठले आणि हात पसरून मध्ये उभी राहिले. "कुणी हात लावायचा नाही."

मुलगा गाडीचं दार उघडं टाकून धावत आला. "आई, सर बाजूला!"

"नाही."

"वेड लागलंय का तुला? बाप पडलाय माझा!"

"माझा नवरा पडलाय," मी म्हटलं. "त्यांना काय हवं ते त्यांना विचारते. तू थांब."

मागनं कुणीतरी म्हणालं, "बाई हाय का कोण हाय ही!" मी वळून बघितलंही नाही. ह्यांच्या डोक्याशी वाकले आणि हळू बोलले नाही, सगळ्यांना ऐकू जाईल असंच बोलले. "पोरगा न्यायला आलाय. उचला म्हणत असाल तर आत्ता उचलायला लावते. मग जा त्याच्याबरोबर, मी अडवणार नाही. नाही तर उठा. शिकला नाहीत ती चूक तुमची."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. इतकी वर्षं संसार केला, एवढ्या रागानं त्यांनी माझ्याकडं कधी बघितलं नव्हतं. मग डावा हात हलला. त्यांनी उजवा हात उचलून छातीवर घेतला. उजवा गुडघा वाकवला. एकदा हिसका दिला, वळले नाहीत. दुसऱ्यांदा दिला आणि डाव्या कुशीवर आले. पाठीला सगळी माती लागली होती. कोपरावर भार देऊन अंग वर घेतलं, अर्धं आलं आणि कोपर घसरलं. तोंड मातीत. मुलगा रडत होता. "पुरे की गं आई, पुरे." जोडीदार माझ्या शेजारी उभा होता, दोन्ही हातांनी स्वतःचे दंड घट्ट धरून. पुन्हा कोपर. पुन्हा अंग वर. धुण्याचा दगड हातभर अंतरावर होता, तिथपर्यंत ते सरकत गेले, बसल्या बसल्या, इंच इंच. दगडावर डावा हात टेकला आणि गुडघ्यांवर आले. सदरा घामानं अंगाला चिकटला होता. डावा पाय पुढं घेतला आणि उठायला जोर लावला. गुडघा थरथरायला लागला. वर जाईना, खाली बसेना.

तिथं माझं अवसान गेलं. सहा महिने मी गावाचं ऐकलं नव्हतं, पोराचं ऐकलं नव्हतं, पण तो गुडघा मला बघवेना. सगळं विसरले. पुढं झाले, त्यांच्यासमोर हात धरला आणि म्हटलं, "द्या हात. बस झालं. द्या."

त्यांच्याकडं एकच हात होता, आणि तो दगडावर होता. त्या एका हातावर सगळा तोल. त्यांनी तो हात दगडावरनं उचलला आणि माझ्या मनगटावर असा फटका मारला की माझ्या बांगड्या वाजल्या. अंग डुगडुगलं, आता पडतात असं वाटलं, तेवढ्यात हात परत दगडावर आपटला. आणि त्याच झोकात ते उभे राहिले.

उभे राहिले. जोडीदारानं काठी उचलून त्यांच्याजवळ जमिनीत टेकवून धरली, हातात दिली नाही. त्यांनी ती घेतली आणि पाठीवरची माती तशीच घेऊन पायरीपर्यंत चालत गेले, पायरी चढले, आपल्या बाजेवर जाऊन बसले. मग माणसं पुढं झाली, सोनं दिलं, पाया पडली.

मुलाच्या गाडीत घडी घातलेली चाकांची खुर्ची होती. दोन दिवस तो राहिला, ती खुर्ची त्यानं खाली उतरवलीच नाही. निघायच्या दिवशी एकट्याचीच बॅग भरून तो स्वयंपाकघरात आला. मी पोळ्या लाटत होते. त्यानं माझा हात धरून उलटा केला. मनगट काळंनिळं झालं होतं.

"लागलं का गं आई?"

"लागलं," मी म्हटलं. "चांगलं सणसणीत लागलं."